मिरजोळीला न गेलेली दिंडी

(वाचन प्रेरणा दिनानिमित्त १५ ऑक्टोबर २०२५ रोजी खुटबाव, ता. दौंड येथे तरुणांच्या वाचनालयात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलामांचा जन्मदिवस. आपल्या राज्यात तो वाचन प्रेरणा दिन म्हणून साजरा होतो. तुम्ही मुलामुलींनी हे दोन कपाटांचं वाचनालय उभं केलंत आणि मला विषय दिलात, ‘माझ्या आवडत्या कादंबरीकाराची वाचनालयाला भेट’. मी फोनवरच म्हटलं, बाळांनो, माझा आवडता कादंबरीकार गेला तेव्हा मी अकरा वर्षांची होते. मी त्यांना कधी पाहिलं नाही. पलीकडून उत्तर आलं, “मॅडम, मग जे आठवतं ते सांगा.” तर एक गोष्ट आठवते. भेट ठरली होती, पण झाली नाही. ती का झाली नाही, तेच आज सांगते.

माझा आवडता कादंबरीकार म्हणजे हमीद दलवाई. नाव घेतल्याबरोबर मागच्या दोन-तीन चाचांनी एकमेकांकडे पाहिलं, ते मला इथून दिसलं. पाहू द्या. मी आज दलवाईंच्या राजकारणावर बोलायला आलेली नाही, तरी तेही थोडं येईलच. मला त्यांच्या एका कादंबरीबद्दल बोलायचंय. तिचं नाव ‘इंधन’. ती १९६५ साली आली.

आधी माणूस सांगते. जन्म १९३२चा, चिपळूणला लागून असलेल्या मिरजोळी गावात. घर कोकणी मुसलमानाचं. पोरवयात राष्ट्र सेवा दलात गेले, पुढे मुंबईला आले, आचार्य अत्र्यांच्या ‘मराठा’त पत्रकारी केली. कथा लिहिल्या, ‘लाट’ नावाचा त्यांचा कथासंग्रह आहे. १८ एप्रिल १९६६ला तोंडी तलाकच्या विरोधात सात मुस्लिम बायकांचा मोर्चा त्यांनी मुंबईत सचिवालयावर नेला. मोजून सात बायका! मी जन्मले त्याच वर्षी, त्यामुळे हा आकडा मला फार जवळचा वाटतो. त्याच मागणीवर सुप्रीम कोर्टाचा निकाल यायला २०१७ उजाडलं. २२ मार्च १९७० रोजी पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ निघालं. मग किडनीचा आजार जडला, आणि ३ मे १९७७ला ते गेले. वय पंचेचाळीससुद्धा पूर्ण नव्हतं.

‘इंधन’ माझ्या हातात आलं ते मी डी.एड. करत होते तेव्हा. ज्या वाचनालयातून घेतलं, त्याचं नाव सांगत नाही. काउंटरवरच्या गृहस्थांनी कार्डावरचं माझं आडनाव पाहिलं, पुस्तक पाहिलं आणि म्हणाले, “हे तुमच्या लोकांना आवडत नाही.” मी म्हटलं, “द्या तरी.” रात्री होस्टेलवर वाचायला घेतलं आणि पहिली पंचवीस-तीस पानं नुसती चकित होऊन वाचली. कशानं, ते सांगते. तोवर मराठी पुस्तकात मला भेटलेला मुसलमान दोनच प्रकारचा होता. एक अफझलखान. दुसरा, कुणाच्या तरी वाड्यावरचा इमानदार म्हातारा चाचा, जो शेवटी मालकासाठी जीव देतो. इथे मात्र माझ्या घरासारखं घर होतं. भाऊभाऊ एकमेकांशी धड बोलत नव्हते, बापाचा राग जेवणाच्या ताटावर निघत होता, जमिनीचे जुने वाद होते. आणि हे सगळं मराठीत. आमच्या घरी दखनी बोलायचो, शाळेत मराठी. घरची भाषा आणि पुस्तकाची भाषा एकमेकींना ओळखतच नव्हत्या. त्या रात्री त्यांची ओळख झाली.

कथा थोडक्यात सांगते, सगळी नाही, कारण तुम्ही वाचावी अशी इच्छा आहे. आजारातून उठलेला एक माणूस बऱ्याच वर्षांनी कोकणातल्या आपल्या गावी परत येतो. गावात मुसलमान आहेत, कुळवाडी आहेत, नवबौद्ध आहेत, ब्राह्मण आहेत. जुनी जमीनदारी ढासळते आहे, पण तिची ऐट गेलेली नाही. कालपर्यंत खाली मान घालणारे आता मान वर करून बोलू लागलेत. प्रत्येकाकडे प्रत्येकाचा काही ना काही हिशोब शिल्लक आहे. परत आलेला माणूस समंजस आहे, शिकलेला आहे, त्याला वाटतं आपण चार गोष्टी सांगू. त्याच्या डोळ्यांदेखत गाव पेटतं, आणि त्याला गाव सोडावं लागतं.

एवढीच कथा. पुस्तक जाडजूड नाही. दोन बैठकीत होतं.

आता ती न झालेली भेट. जानेवारी २०१३ला, ११ ते १३ तारखेला, चिपळूणला ८६वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं. अध्यक्ष नागनाथ कोत्तापल्ले. यजमान कोण होतं? चिपळूणचं लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर. म्हणजे गावचं सार्वजनिक वाचनालय, स्थापना १८६४ची. एका तालुक्याच्या गावातलं वाचनालय अख्ख्या मराठी साहित्याला घरी बोलावतंय, ही गोष्टच मला इतकी आवडली की मी शाळेत रजा टाकली, पुण्याहून एसटी पकडली आणि कुंभार्ली घाटातून चिपळूणला उतरले.

संमेलन म्हटलं की ग्रंथदिंडी आली. ग्रंथदिंडी आपल्याला समजावून सांगायला नको. तुकोबांची पालखी दरवर्षी आपल्याच तालुक्यातून जाते, यवतला मुक्काम, मग वरवंड. यवतची पिठलं-भाकरी न खाल्लेला माणूस या खोलीत नसेल. माझे अब्बा दरवर्षी पालखीच्या दिवशी पाण्याचे हंडे भरून रस्त्यावर उभे राहायचे, आणि आम्ही पोरं वारकऱ्यांच्या हातावर पाणी घालायचो. तर तीच पालखी, फक्त तिच्यात पादुकांच्या जागी ग्रंथ. चिपळूणच्या दिंडीसाठी एक चांगला विचार पुढे आला होता. दिंडीची सुरुवात मिरजोळीत हमीद दलवाईंच्या घरापासून करावी. गावातल्या वाचनालयानं आपल्याच मातीतल्या कादंबरीकाराच्या दारात जायचं आणि तिथून पुस्तकं खांद्यावर घेऊन निघायचं. माणूस जाऊन ३५ वर्षं झाली होती, तरी भेट म्हणायची ती हीच. माझ्या दृष्टीनं त्या संमेलनातली सगळ्यात मोलाची गोष्ट ती होती.

ती झाली नाही. स्थानिक मुस्लिमांमधून विरोध झाला आणि बेत सोडून द्यावा लागला. त्या संमेलनात वाद बरेच झाले, निमंत्रणपत्रिकेवरच्या परशुरामाच्या परशूपासून व्यासपीठाच्या नावापर्यंत. वर्तमानपत्रांना खाद्य भरपूर होतं, त्यामुळे या एका गोष्टीची बातमी दोन दिवस चालली आणि विरून गेली. माझ्या मनातून मात्र गेली नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी रिक्षा केली आणि म्हटलं, मिरजोळी. रिक्षावाला तरुण होता, पंचविशीचा, टोपी घातलेला. कुणाकडे जायचंय विचारलं. मी सांगितलं. तो आरशातून माझ्याकडे पाहत राहिला.

“भाभी, तुम्ही पण पेपरवाल्या का?”

“नाही रे. मी मास्तरीण आहे, दौंडकडची.”

“मग कशाला जाता? त्या माणसानं आपल्याबद्दल काय काय लिहून ठेवलंय.”

“काय लिहिलंय?”

“म्हणजे... वाईटच. सगळे सांगतात.”

“तू वाचलंयस?”

“वाचलं नाही. पण माहीत आहे.”

पोरगा चांगला होता. उतरताना त्यानं भाडं परत करायचा प्रयत्न केला, लांबून आलेल्या बाईकडून कसं घेऊ म्हणून. मी बळेच हातात ठेवलं. त्याच्या मनात द्वेष नव्हता, आणि म्हणूनच ते वाक्य मला जास्त लागलं. वाचलं नाही, पण माहीत आहे. चिपळूणहून परत येताना घाटभर तेच डोक्यात होतं. काउंटरवरचे ते गृहस्थ आणि हा रिक्षावाला, दोघांचं एकमेकांशी काही देणंघेणं नाही, पण दोघांनाही पुस्तक न उघडता आत काय आहे ते पक्कं ठाऊक होतं.

विरोध करणाऱ्यांची बाजूही सांगते, कारण ती नसती तर गोष्ट सोपी झाली असती. दलवाई बोलायला परखड होते, कधी कधी टोचून बोलायचे. धर्म आणि कायदा यांची फारकत करा म्हणायचे. आपल्या मृत्यूनंतर दफनविधी नको, असं त्यांनी सांगून ठेवलं होतं, आणि त्यांच्यावर विद्युतदाहिनीत अंत्यसंस्कार झाले. नमाजी घरातल्या माणसाला हे पचणं अवघड आहे. मीही पाच वेळची नमाज पढते, आणि त्यांच्या राजकीय लेखनातल्या काही गोष्टी मला पटत नाहीत. त्यांच्यासमोर बसता आलं असतं तर मी भांडले असते. शिवाय आणखी एक पंचाईत आहे. आज दलवाईंचं नाव सगळ्यात मोठ्यानं घेतात ते पुष्कळदा आपल्याला झोडायला घेतात. त्यांनी हिंदू सांप्रदायिकतेबद्दल जे लिहिलं ते हे लोक सोयीनं गाळतात आणि उरलेलं काठीसारखं वापरतात. त्यामुळे आपल्या मुलांना वाटतं हा माणूस त्यांचा आहे. मी म्हणते, तुम्ही वाचलंच नाही तर तो त्यांचाच राहणार ना?

आणि कादंबरी ही काही जाहीरनामा नसते. ‘इंधन’मध्ये कुणालाच सूट नाही. मुसलमान खानदानाची मग्रुरी आहे, तशी सवर्णांची कावेबाज शांतताही आहे. निवेदक स्वतः शहाणा माणूस, पण त्याच्याही शहाणपणाचा काही उपयोग होत नाही, आणि लेखक ते लपवत नाही. स्वतःच्याच विचाराच्या माणसाला एवढं हतबल दाखवायला हिंमत लागते. दिलीप चित्र्यांसारख्या कवीला ही कादंबरी इंग्रजीत न्यावीशी वाटली, ती उगाच नाही.

आता आपल्या दाराशी येते.

१ ऑगस्टला यवतमध्ये काय झालं, ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. इथून एका स्टेशनावर यवत. तुमच्यातले कितीतरी जण तिथे बाजाराला जातात, तिथल्या शाळेत शिकलेत. एका मोबाइलवरच्या पोस्टवरून दगड आले, जाळपोळ झाली, पोलिसांना अश्रुधुराच्या नळकांड्या फोडाव्या लागल्या, जमावबंदी लागली. ज्या रस्त्यावर आम्ही वारकऱ्यांच्या हातावर पाणी घातलं, तोच रस्ता. त्या आठवड्यात मला ओळखीच्या मुलींचे फोन येत होते, “मॅडम, हे एकदम कसं झालं?” माझ्याकडे उत्तर नव्हतं. मग मी कपाटातून ‘इंधन’ काढलं आणि तिसऱ्यांदा वाचलं.

कादंबरीचं नाव पाहा. ठिणगी नाही, आग नाही. इंधन. आग लागल्यावर सगळे ठिणगी शोधतात, कुणी टाकली, कोणत्या गावचा, कोणत्या धर्माचा. पोलिसांनी ती शोधलीच पाहिजे, ते त्यांचं काम आहे. दलवाईंनी मात्र लाकडं कशी रचली जातात ते दाखवलं. बांधाचं भांडण, कुळकायद्यात गेलेली जमीन, न विसरलेला अपमान, कुणाच्या घरातलं एखादं लपवलेलं प्रेमप्रकरण, कुणाला आलेला नवा पैसा. एकेक लाकूड पाहिलं तर त्याचा धर्माशी संबंधही नसतो. आपल्याकडे आता कुळं-खोतं नाहीत, पण ऊस आहे, गुऱ्हाळं आहेत, प्लॉटिंग आहे, हायवेलगतचे दुकानगाळे आहेत, आणि प्रत्येकाच्या खिशात मोबाइल आहे. यवतमधली लाकडं कोणती होती, ते मी सांगणार नाही, मला तेवढं कळतही नाही. पण प्रश्न कसा विचारायचा, ते मला एका मराठी मुसलमानानं साठ वर्षांपूर्वी लिहिलेल्या पुस्तकातून कळलं. आणि त्याच माणसाच्या घरापाशी दिंडी जाऊ शकली नाही.

तरी एक गोष्ट ऐका. २२ जुलै २०२१ला चिपळूण पुराखाली गेलं. त्या वाचन मंदिरात पाणी शिरलं, हजारो पुस्तकं भिजली. मी टीव्हीवर चिखलातली पुस्तकं पाहिली आणि पहिला विचार हा आला, यांच्याकडची ‘इंधन’ची प्रत वाचली असेल का? हसू नका. पुस्तकाचं असंच असतं. पुरानं जातं, वाळवीनं जातं, आणि कुणी मागितलंच नाही तर कपाटातल्या कपाटात जातं.

आपल्या या भागाला पुस्तकांचा वारसा नाही असं समजू नका. पुढचं स्टेशन केडगाव. तिथे मुक्ती मिशनमध्ये पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू-ग्रीकवरून बायबल सोप्या मराठीत आणलं, आणि त्यासाठी बायका खिळे जुळवायला शिकल्या. ज्यांना घरानं टाकलं होतं, अशाही त्यांच्यात होत्या. दौंडच्या पुलावरून भीमा ओलांडली की श्रीगोंदा, तिथले शेख महंमद. ‘योगसंग्राम’ लिहिणारा हा संतकवी शिवकाळाच्या आसपासचा. कुणी तुम्हाला विचारलं, “तुम्ही मराठी कसे?” तर वाद घालत बसू नका, त्याला श्रीगोंद्याच्या एसटीत बसवून द्या. १९९०ला सोलापुरात मुस्लिम मराठी साहित्य संमेलन सुरू झालं, तेव्हापासून लिहिणारी माणसं वाढलीच आहेत. राजन खान वाचा. मुलींनी मेहरुन्निसा दलवाईंचं ‘मी भरून पावले आहे’ आधी वाचा, नवऱ्याचं नंतर वाचलं तरी चालेल. चळवळ करणाऱ्या माणसाच्या घरात चूल कोण पेटती ठेवतं, ते त्यात आहे.

तुमच्यातल्या एकानं मघाशी मला बाजूला घेऊन विचारलं, “मॅडम, दलवाईंचं पुस्तक इथे ठेवलं तर लोक बोलतील ना?” बोलतील. तुमच्या अब्बांना कुणी मशिदीबाहेर विचारेलही. त्यावर माझ्याकडे काही जादू नाही. एवढं करा, पुस्तक कपाटात आतल्या बाजूला लपवू नका आणि काचेत शोभेला लावूही नका. जिथे बाकीच्या कादंबऱ्या आहेत तिथे, ‘द’च्या ओळीत ठेवा. जो विरोध करायला येईल त्याला खुर्ची द्या, चहा द्या, आणि पुस्तक हातात द्या. वाचून आला की त्याचं म्हणणं लिहून घ्या. त्याचं म्हणणं बरोबरही असू शकेल. दलवाईंवर वाचून केलेली टीका मला मनापासून ऐकायची आहे, आजवर फार थोडी ऐकायला मिळाली.

आणि तुमचं वाचनालय शासनमान्य व्हावं अशी तुमची खटपट चाललीय, ती चालू ठेवा. १९६७च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखाली मान्यता मिळाली की अनुदान मिळतं, ‘ड’ वर्गाला सगळ्यात कमी, पण मिळतं. तोवर एक साधी वही करा, मागणीची. कुणाला कोणतं पुस्तक हवंय त्यानं नाव लिहायचं. वाचनालयात काय यावं ते देणगीदारानं ठरवू नये, मीही ठरवू नये. मी आज एकच प्रत आणली आहे, माझी स्वतःची. बांधणी सुटत आली आहे, तेव्हा जपून उघडा.

ती तिथे टेबलावर ठेवली आहे. रजिस्टरही शेजारी आहे. पंधरा दिवसांची मुदत, उशीर झाला तर दंड नाही, पण फोन करा, कारण मागे दुसरं कुणी थांबलेलं असेल. पहिलं नाव कोण लिहितंय?